फ्रेंच मिनिएचरमधला माणूस कोण? नाव शोधण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा. फ्रान्समधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतलेलं गोल मिनिएचर (तळहातात मावणारं छोटं व्यक्तिचित्र) आहे, व्यास साधारण 6 सेंमी, हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंग. पन्नाशीकडे झुकलेला पुरुष, केसांना पावडर, कानांवर आडव्या वळ्या. पांढरा लष्करी कोट, त्याचे लॅपल (छातीवरच्या दुमडलेल्या पट्ट्या) फिकट आकाशी, बटणं पिवळी, डाव्या खांद्यावर झालरीचं सोनेरी एपोलेट (हुद्दा दाखवणारा पट्टा), छातीवर लाल रिबिनीला टांगलेला छोटा पांढरा क्रॉस. मागच्या कागदावर जांभळ्या शाईत लिहिलंय ‘मार्की द लाफाएत’. हा खरंच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला फ्रेंच सरदार लाफाएत का, आणि नसेल तर कोण, हे कसं शोधायचं?

हा लाफाएत नाही, आणि हे सांगायला चेहरा बघायचीही गरज नाही. लाफाएतचा जन्म 1757 चा. चित्रातला लाल रिबिनीचा क्रॉस हा सेंट लुई ऑर्डर या फ्रेंच लष्करी सन्मानाचा; तो लाफाएतला 1783 मध्ये मिळाला, म्हणजे तेव्हा तो पंचविशीत होता. अमेरिकेतल्या यॉर्कटाउनच्या विजयानंतर त्याला मारेशाल द कां हा जनरलच्या दर्जाचा हुद्दा मिळाला होता, आणि त्या हुद्द्याचा गणवेश निळा, सोनेरी भरतकामाचा. पायदळाचा पांढरा कोट, एकच एपोलेट आणि सेंट लुईचा क्रॉस हे तिन्ही एकत्र असलेला लाफाएत कधी नव्हताच. वयाचा प्रश्न तर पुढचा.

मागच्या चिठ्ठीची शाईही तेच सांगते. जांभळी शाई अॅनिलीन रंगांची असते, आणि ते रंग 1856 नंतरचे. म्हणजे ही चिठ्ठी चित्र काढल्यावर निदान पासष्ट वर्षांनी लिहिलेली आहे. त्या काळात व्यापारी आणि वारसदार दोघंही अनोळखी अधिकाऱ्याला लाफाएत आणि अनोळखी बाईला राणी मारी आंत्वानेत किंवा राजाची प्रेयसी मादाम द्यु बारी करून टाकत. प्रसिद्ध नाव लावलं की किंमत वाढायची, हे एक कारण. घरात ‘आमच्या पणजोबांनी लाफाएतबरोबर नोकरी केली’ अशी आठवण असायची आणि दोन पिढ्यांत पणजोबाच लाफाएत व्हायचे, हे दुसरं. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, कारण चुकीच्या चिठ्ठीतही कधी कधी खरा धागा असतो.

आता क्रम. चेहरा सर्वांत शेवटी. आधी वस्तूचा काळ, मग कपड्यांचा काळ, मग हुद्दा आणि पदकं, मग कागदपत्रं, आणि हातात पाच-सात नावं उरली की मगच तोंडवळा. बहुतेक लोक उलटं करतात. इंटरनेटवर सारखा दिसणारा चेहरा शोधतात आणि मग बाकीचे पुरावे त्याच्याभोवती वाकवतात. अठराव्या शतकातले पावडर लावलेले, गुबगुबीत गालांचे, जरा बाजूला वळलेले चेहरे एकमेकांसारखे दिसतातच. मिनिएचरमध्ये तर डोकं जेमतेम दोन सेंमीचं.

आधी चित्र त्या काळचं आहे की नाही ते बघा. फ्रेम अजिबात न उघडता 10 पटीचं ज्वेलरचं भिंग घ्या आणि खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं धरा. चेहऱ्यावर बारीक ठिपके किंवा एकमेकांना छेदणाऱ्या रेघा दिसायला हव्यात, त्याही वेगवेगळ्या रंगांच्या: गालात लाल, जबड्याखाली निळसर करडा, कपाळाजवळ पिवळट. सगळीकडे एकाच मापाचे, रांगेत बसलेले ठिपके दिसले तर ती छापील प्रतिमा आहे, वरून रंगवलेली. 1900 च्या आसपास अशा चित्रांचा मोठा धंदा होता. त्यांच्या फ्रेमला बऱ्याचदा पियानोच्या पट्ट्यांसारख्या हस्तिदंताच्या पट्ट्या असतात आणि कडेला कुठल्यातरी प्रसिद्ध चित्रकाराची ठसठशीत सही असते. हस्तिदंताचे धागे किंचित वेडेवाकडे, कमी-जास्त रुंदीचे असतात. अगदी काटेकोर समांतर रेघा असल्या तर ते सेल्युलॉइड, म्हणजे नकली हस्तिदंत.

अतिनील दिवा मिळाला तर अंधारात बघा. पांढरा रंग पिवळट-हिरवट चमकला तर तो झिंक व्हाइट आहे, आणि जलरंगात तो 1834 पासून मिळायला लागला. पूर्ण चित्रात तो असेल तर चित्र नंतरचं, एखाद्या ठिगळात असेल तर दुरुस्ती नंतरची. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण क्रॉस, रिबीन आणि एपोलेट या तीन गोष्टी नंतर ‘चढवल्या’ जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. साध्या गृहस्थापेक्षा पदकवाला जास्त किमतीला जातो. क्रॉसच्या खाली कोटाच्या घडीच्या रेघा तशाच पुढे जाताना दिसतात का, ते भिंगातून नीट पाहा. मूळ चित्रकार बहुधा क्रॉसची जागा आधीच मोकळी ठेवतो.

हस्तिदंतावर रंगवायची पद्धत 1700 च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने रुळवली आणि ती 1720-21 मध्ये पॅरिसला होती. त्याआधीची फ्रेंच मिनिएचर बहुतेक वेलम या चामड्यावर किंवा मुलाम्याच्या पत्र्यावर. शतकाच्या मध्यापर्यंत छोटे लंबगोल जास्त दिसतात, कारण ती कड्यात, अंगठीत किंवा तपकिरीच्या डबीच्या झाकणात बसवायची असत. 6 ते 8 सेंमीचा पूर्ण गोल हा आकार शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत फ्रान्समध्ये फार चालला. तुमचं चित्र त्यात बसतं.

फ्रेमवर फार विसंबू नका, ती सहज बदलली जाते. सोन्याची असेल तर शिक्के मात्र वाचा. कारागिराचा शिक्का शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत असेल तर तो 1797 नंतरचा. गरुडाचं डोकं 1838 नंतरचं. घुबड 1893 नंतरचं, आणि ते बहुधा एवढंच सांगतं की वस्तू बाहेरून आली किंवा मूळ माहीत नाही. पॅरिसमध्ये 1784 ते 1789 या काळात सोनारांच्या संघाच्या (गिल्डच्या) शिक्क्यात पी अक्षराबरोबर वर्षाचे आकडे असत, तो मिळाला तर वर्षच हातात आलं.

आता कपडे. पुरुषाच्या कानावरच्या वळ्या घट्ट, आडव्या आणि बाकी केस गुळगुळीत मागे घेतलेले असतील तर 1770 च्या दशकाकडे झुकतं. डोक्यावर फुगवलेला, पिंजारलेला ढीग आणि खाली सैल वळ्या असतील तर 1780 चं दशक. पावडर नाही आणि केस कपाळावर आलेत, तर 1790 नंतर. लष्करी माणूस मात्र फॅशनच्या मागे चार-पाच वर्षं असू शकतो, आणि गावाकडचा अधिकारी आणखी मागे. म्हणून केसांवरून फक्त ‘याआधी शक्य नाही’ एवढंच ठरवा.

गणवेशात मात्र खरी श्रीमंती आहे. 21 फेब्रुवारी 1779 च्या नियमाने फ्रेंच पायदळाच्या रेजिमेंटांचे रंगांवर गट पाडले: आकाशी, काळा, जांभळा, गुलाबी, पिवळा, किरमिजी वगैरे. एकाच रंगाच्या गटात अर्ध्यांना पिवळी बटणं, अर्ध्यांना पांढरी. आणि त्यातही एका रेजिमेंटच्या लॅपल आणि कफ दोन्हींवर रंग, दुसरीच्या फक्त लॅपलवर, तिसरीच्या फक्त कफवर. तुमच्या चित्रात लॅपल आकाशी आहेत, तेव्हा ‘फक्त कफ’वाली बाद. चित्र छातीपर्यंतच असल्याने कफ दिसत नाहीत, म्हणून पहिल्या दोघींपैकी कुठली ते कपड्यांवरून सांगता येणार नाही. पण पिवळी बटणं धरली तर फ्रान्सच्या सगळ्या पायदळातून तुम्ही दोन रेजिमेंटांवर आलात. बटणांवर क्रमांक असायचा. मिनिएचरमध्ये तो क्वचितच रंगवलेला असतो, तरी प्रत्येक बटण भिंगाखाली बघाच. एखाद्या बटणावर दोन ठिपक्यांनी आकडा सुचवलेला असतो. एपोलेटच्या धातूचा रंग बटणांशी जुळलाच पाहिजे. बटणं पिवळी आणि एपोलेट रुपेरी असेल तर काहीतरी नंतर रंगवलेलं आहे.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण रंग उडतात. कोचिनील या किड्यापासून केलेला किरमिजी उजेडात फिका पडतो. किरमिजी लॅपल गुलाबी दिसायला लागतात आणि गालांची लाली गेल्याने चेहरा आजारी, निळसर दिसतो. हिरवा रंग पुष्कळदा निळा अधिक वनस्पतीजन्य पिवळा असा केलेला असतो. पिवळा उडाला की हिरवा कोट निळा होतो. आकाशी लॅपल मुळात हिरवट होते का, हे तपासायची जागा एकच: फ्रेमच्या ओठाखाली झाकलेली कडेची एक-दीड मिलिमीटरची पट्टी, जिथे उजेड पोचलेला नाही. फ्रेम आणि काच यांच्या फटीतून तिरकं बघितलं तर ती बहुतेकदा दिसते. तिथला रंग हाच खरा रंग धरा आणि मगच नियमांचे तक्ते उघडा.

हुद्द्याचं सांगायचं तर 1779 च्या पद्धतीत कर्नलला दोन्ही खांद्यांवर झालरीची एपोलेट. कॅप्टनला डाव्या खांद्यावर एक झालरीचं आणि उजवीकडे झालर नसलेला पट्टा. लेफ्टनंटच्या पट्ट्यात रंगीत रेशमाचे चौकडे विणलेले. लेफ्टनंट-कर्नललाही डाव्या बाजूला एकच, पण त्याची झालर जाड पिळाची. तुमच्या फोटोत झालर बारीक धाग्यांची दिसते आणि पट्टा कोरा, म्हणून कॅप्टन. पन्नाशीचा कॅप्टन ही त्या सैन्यातली अगदी नेहमीची गोष्ट. दरबारात वजन नसलेला गावाकडचा सरदार तीस वर्षं नोकरी करून कॅप्टन म्हणूनच निवृत्त व्हायचा, आणि त्याच्या आयुष्यातला मोठा सन्मान म्हणजे हा छोटा क्रॉस. असा माणूस मिनिएचर काढून घेतो तेही बहुतेक तो क्रॉस मिळाल्यावरच. म्हणून क्रॉसची तारीख ही चित्राच्या तारखेची सर्वांत जवळची खूण.

पदकं नीट ओळखा. सेंट लुई ऑर्डर 1693 मध्ये चौदाव्या लुईने काढली, कॅथलिक अधिकाऱ्यांसाठी. पांढरा मुलामा, कोपऱ्यांत सोनेरी लिलीची फुलं, लाल रिबीन. प्रॉटेस्टंट अधिकाऱ्यांसाठी पंधराव्या लुईने 1759 मध्ये मेरीत मिलितेर हे वेगळं पदक काढलं, त्याची रिबीन निळी आणि मधे उभी तलवार. स्विस किंवा अल्सासमधला अधिकारी असेल तर हा फरक नाव शोधताना निम्मं काम करतो. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येणारा रुंद निळा पट्टा आणि छातीवर कबुतराचा रुपेरी तारा म्हणजे सेंट-एस्प्री. त्याचे मानकरी एका वेळी शंभरच, त्यामुळे तिथे नाव शोधणं सर्वांत सोपं. काळा पट्टा सेंट मिशेलचा, तो कलाकार, डॉक्टर, वास्तुतज्ज्ञ यांनाही मिळायचा. फिकट निळ्या-पांढऱ्या रिबिनीला सोनेरी गरुड असेल तर सिनसिनाटी, 1783 नंतरचा, आणि तो माणूस अमेरिकन युद्धातला. सेंट लुईचा क्रॉस 1814 ला परत आला आणि 1830 पर्यंत चालला, म्हणून नुसत्या क्रॉसवरून काळ ठरवू नका. तुमच्या चित्रात पावडर आणि 1779 चा कोट दोन्ही आहेत, तेव्हा तो धोका नाही. वरची मर्यादाही स्पष्ट आहे. 1 जानेवारी 1791 पासून रेजिमेंटांची जुनी नावं जाऊन क्रमांक आले आणि त्याच वर्षी गणवेशही बदलला. म्हणजे चित्र 1779 ते 1791 मधलं.

आता नावं. ‘एता मिलितेर द फ्रांस’ ही सैन्याची वार्षिक छापील यादी 1758 पासून निघत होती. प्रत्येक रेजिमेंटखाली अधिकाऱ्यांची आडनावं हुद्द्याप्रमाणे दिलेली, आणि सेंट लुईच्या मानकऱ्यांपुढे क्रॉसचं चिन्ह. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर त्या फुकट बघता येतात. दोन्ही रेजिमेंटांच्या 1780 ते 1790 च्या याद्या उघडा, चिन्ह असलेले कॅप्टन वेगळे काढा, आणि प्रत्येकाचं नाव कुठल्या वर्षी चिन्हाशिवाय आहे आणि कुठल्या वर्षी चिन्हासह ते बाजूला लिहा. दुपारभराचं काम आहे, पण यातून काही डझन नावांची पक्की यादी मिळते आणि ती पुढे प्रत्येक पायरीला उपयोगी पडते. दरबारी आणि न्यायखात्यातल्या माणसांसाठी हेच काम ‘आल्मानाक रॉयाल’ करते.

याद्यांत फक्त आडनाव, आणि तेही बहुधा जमिनीवरून घेतलेलं. एकच माणूस जन्माच्या नोंदीत एका नावाने, सैन्यात दुसऱ्या आणि लग्नाच्या करारात दोन्ही जोडून येतो. लाफाएतचंच घ्या, त्याचं घराण्याचं नाव द्यु मोतिए. म्हणून दोन्ही नावांनी शोधा. स्पेलिंग कानाला येईल तसं लिहिलेलं असतं, हेही धरून चाला. अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यातल्या लष्करी अभिलेखागारात आहेत. जन्मतारीख, जन्मगाव, नेमणुका, क्रॉसचं वर्ष हे सगळं तिथे मिळतं. वय जुळत नसलेली नावं तिथेच गळतात.

मागची बाजू आता वाचायची. जांभळ्या चिठ्ठीखाली दुसरा कागद असतो का, बघा. चकतीला मागून बऱ्याचदा खेळायचा पत्ता चिकटवलेला असतो, कारण त्या काळच्या फ्रेंच पत्त्यांची पाठ कोरी असायची आणि पुठ्ठा चांगला असायचा. जुनं लिखाण तपकिरी पडलेल्या शाईत सापडलं तर वर्णविन्यास बघा. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी ओ-आय-टी असेल तर लिहिणारा जुन्या वळणाचा. ए-आय-टी हे रूप अकादमीने 1835 मध्ये मान्य केलं. ‘सितोयँ’ (नागरिक) हे संबोधन असेल तर 1792 च्या पुढचं. ‘वर्ष 3’ असं लिहिलं असेल तर ते क्रांतीच्या पंचांगातलं, जे 1805 च्या अखेरीपर्यंत चाललं.

केसांची बट आणि आद्याक्षरं असतील तर घाई नको. ती चित्रातल्या माणसाचीच असतात असं नाही. ज्याने मिनिएचर दिलं त्याची, ज्याला दिलं त्याची, किंवा नवरा-बायको दोघांची गुंफलेली असतात. आय आणि जे, तसंच यू आणि व्ही, एकमेकांच्या जागी येतात. डबीवर कोरलेली दोन ढालींची कुलचिन्हं असतील तर बघणाऱ्याच्या डावीकडची नवऱ्याची, उजवीकडची बायकोच्या माहेरची. कोरीवकामात रंग नसतो, तो रेघांनी दाखवतात: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं रुपेरी. दोन घराण्यांची जोडी मिळाली की लग्नाच्या नोंदीतून नाव थेट मिळतं. नावाकडे जाणारी याहून खात्रीची वाट दुसरी नाही.

सही असेल तर ती चित्राच्या काठाला, बहुधा कोटाच्या बाजूने वळत गेलेली असते. तिची चित्रकाराच्या आयुष्याशी सांगड घाला. स्वीडनहून आलेला पीटर अॅडॉल्फ हॉल 1766 पासून पॅरिसमध्ये होता, 1791 ला निघून गेला आणि 1793 ला लिएजमध्ये वारला. ऑग्युस्तँ 1781 ला पॅरिसला आला, इझाबे 1785 ला. 1778 ची ‘इझाबे’ सही म्हणजे सरळ खोटी, कारण तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सही नसली तर नसू दे. गावोगाव फिरणारे, छावणीच्या शहरांत महिनाभर राहून अधिकाऱ्यांची चित्रं काढणारे चित्रकार पुष्कळ होते आणि त्यांची नावं बहुतेक गेलीच आहेत.

स्त्रीचं चित्र असतं तर काम अवघड झालं असतं, कारण गणवेश नाही. तिथे हातातलं पत्र, गाण्याचा कागद, मनगटावरच्या कड्यातलं चित्रातलं चित्र, हे भिंगाखाली वाचायचं. फुलं, धनुष्य, देवीची वस्त्रं यांवर विश्वास ठेवायचा नाही. डायना आणि फ्लोरा होऊन बसायची ती फॅशन होती. रिबिनीला क्रॉस असलेली स्त्री दिसली तर ती बहुधा एखाद्या सरदारी मठसंस्थेची सभासद, आणि त्या संस्थांच्या याद्या मिळतात.

आता चेहरा. तुलनेसाठी नाव असलेली चित्रं हवीत: कुटुंबाकडची तैलचित्रं, छापील कोरीव चित्रं. 1780 च्या दशकात जिल-लुई क्रेतियाँने फिझिओनोत्रास हे यंत्र काढलं. त्यातून माणसाची बाजूची आकृती यंत्राने घेऊन छोटं गोल कोरीव चित्र छापायचे, बऱ्याचदा नाव आणि पत्त्यासकट. नाकाची आणि कपाळाची रेघ तपासायला याहून चांगला पुरावा नाही. उमेदवार 1789 च्या राष्ट्रीय सभेत गेला असेल तर देजाबँने छापलेली प्रतिनिधींची चित्रमाला बघा. कोरीव चित्र छापताना उलटं होऊ शकतं, म्हणून क्रॉस कुठल्या छातीवर आहे ते बघून हवं तर प्रतिमा आरशासारखी फिरवा आणि मगच चामखीळ, भुवई, भांग जुळवा.

जुळवायचं ते हाडांचं: नाकाचा उंचवटा, नाकपुडीची कड, कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हनुवटीतली खळगी, डोळ्याच्या वरच्या पापणीची घडी. ओठ, गालांची लाली आणि डोळ्यांचा मोठेपणा सोडून द्या, तो चित्रकाराचा हात असतो. त्याच चित्रकाराची दुसरी तीन-चार चित्रं शेजारी ठेवली की सगळ्यांना तेच डोळे दिल्याचं लगेच कळतं. चेहरा जुळला म्हणून नाव सिद्ध होत नाही. चेहरा स्पष्ट जुळला नाही तर मात्र नाव बाद करता येतं, आणि त्याचा खरा उपयोग तेवढाच.

हे सगळं फोटोवरून होतं, म्हणून फ्रेम स्वतः उघडू नका. रंग डिंकात बांधलेला असतो आणि थुंकीच्या एका थेंबाने किंवा ओल्या कापसाने चेहरा पुसला जातो. चकती मिलिमीटरभराहूनही पातळ, कोरडी पडली की वाकते आणि दाबली की धाग्याच्या दिशेने तडकते. काचेच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब दिसत असतील तर ती जुनी काच खराब होते आहे; तेव्हा मात्र मिनिएचरचं काम येणाऱ्या संवर्धकाकडे लवकर द्या. आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांच्या आसपास ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डिंकावर बुरशी धरते.

भारतात पोस्टाने मागवण्याचा विचार असेल तर थांबा. हस्तिदंताच्या आयातीवर आणि व्यापारावर इथे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे आणि जुनी वस्तू आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. ब्रिटनमध्ये 1918 पूर्वीच्या, 320 चौरस सेंमीपर्यंतच्या मिनिएचरना विक्रीसाठी सवलत आहे, पण नोंदणी करावी लागते. तज्ज्ञाचं मत हवं असेल तर वस्तू नका पाठवू. समोरून, मागून, कडेने तिरक्या उजेडात आणि मागे मंद दिवा धरून, असे मोठे फोटो पाठवा, सोबत मिलिमीटरची पट्टी ठेवून.

तुमच्या चित्राची आजची नोंद मी अशी करेन: ‘फ्रेंच पायदळाचा कॅप्टन, सेंट लुई ऑर्डरचा मानकरी, आकाशी लॅपलच्या गटातील दोनपैकी एका रेजिमेंटचा, 1779 ते 1791, चित्रकार अज्ञात, लाफाएत हे नाव 1856 नंतरच्या चिठ्ठीवरून, अमान्य.’ ती जांभळी चिठ्ठी फेकू नका. यादीतल्या कॅप्टनांपैकी अमेरिकेच्या युद्धावर गेलेला कोणी सापडतो का ते आधी बघा, कारण ‘लाफाएत’ हे नाव त्या घराला कुठून सुचलं असेल याचं उत्तर बहुधा तिथे आहे.